‘फिरायला जातोय’ म्हणू नका

प्रश्न : सिस्टर, माझ्या मुलाला नुकतीच पाच वर्षं पूर्ण झाली. वर्षभरात सात-आठ वेळा घसा सुजून ताप आला, रात्री तोंड उघडं ठेवून घोरतो. डॉक्टरांनी टॉन्सिल्स आणि ॲडेनॉइड्स (नाकाच्या मागच्या गाठी) काढायचं ठरवलंय, येत्या गुरुवारी, वाशीला. सासूबाई म्हणतात, त्याला काही सांगू नका, फिरायला नेतोय म्हणा, उगाच धसका घेईल. मला ते पटत नाही, पण सांगायचं तरी काय? थोरली नऊ वर्षांची आहे, ती आत्तापासूनच रडतेय.
– एक आई, ऐरोली

उत्तर : सासूबाईंवर रागावू नका. लहान मुलांच्या वॉर्डात मी ३१ वर्षं काढली. अशा आज्या रोज भेटायच्या, आणि सगळ्या मायेपोटीच बोलायच्या. पण ठाण्यातला एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ‘तलावपाळीला बोटीत बसू’ म्हणून त्याला आणलेलं. नवा शर्ट, केसांचा भांग पाडलेला. मी हॉस्पिटलचा गाऊन पुढे केला, तेव्हा तो आईकडे वळून बघत राहिला. सुई लावताना फारसा रडलाही नाही. आठवड्याने तपासणीला आणायचं होतं तर जिन्यात बसून राहिला म्हणे, ‘खरं कुठे जातोय ते सांग’ म्हणत.

तर सांगा. पण आजच नको, पाच वर्षांच्या पोराला आठवडाभर आधी सांगितलं तर तो रोज रात्री तेच उगाळत बसेल. सोमवारी संध्याकाळी, जेवण झाल्यावर, सहज बोलता बोलता : ‘तुझा घसा सारखा दुखतो ना, तो दुखणारा भाग डॉक्टर काढणार आहेत. तेव्हा तुला खास औषधाची झोप लागेल. त्या झोपेत काही दुखत नाही, आणि काम झालं की डॉक्टर तुला उठवतात. उठल्यावर घसा दुखेल, त्यावर औषध देतील. मी तिथेच असेन.’ ‘खास औषधाची’ हे शब्द गाळू नका. नुसतं ‘झोपवतील’ म्हटलं की काही मुलं घरीसुद्धा झोपायला घाबरतात. ‘कापणार’ हा शब्द घरात कोणीच काढू नका, शेजारच्या काकूंनाही बजावा. आणि ‘सुई टोचणार नाहीत’ असं वचन देऊ नका. मीही नवी असताना ‘मुंगी चावेल फक्त’ म्हणायचे, मग पोरं घरी मुंग्यांना घाबरायची. टोचायच्या जागी बधिर करणारं मलम मिळतं. ते लावून साधारण तासभर थांबावं लागतं, म्हणून दाखल होतानाच विचारा.

थोरलीला मात्र आजच सांगा. ती रडतेय कारण तिला अर्धवट कळलंय. तिला एक काम द्या : भावाच्या पिशवीत कुठलं खेळणं ठेवायचं ते तिने ठरवायचं.

आता उपाशी ठेवण्याबद्दल, कारण घरं चुकतात ती इथे. साधारण नियम असा की अन्न आणि दूध भूल देण्याआधी सहा तास बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं; तुमच्या भूलतज्ज्ञांनी जी वेळ लिहून दिली असेल तीच अखेरची. पोटात अन्न असेल आणि भूल दिली, तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. सकाळी सहाला ‘लेकरू कोमेजलंय’ म्हणून आजीने दुधात बुडवून दोन बिस्किटं दिली आणि ऑपरेशन पुढे ढकललं, हे मी कितीदा पाहिलंय! आजीने निदान कबूल तरी केलं, लपवलं असतं तर? त्या सकाळी त्याच्यासमोर घरात कोणीच खाऊ नका. चहासुद्धा गॅलरीत.

बुधवारपर्यंत सर्दी-खोकला, ताप आला तर फोन करून सांगा, दडपू नका. दात हलत असेल तर तेही सांगा. नखांना नेलपेंट असेल तर काढा (बहिणीने हौसेने लावलेलं असतं), बोटाला लावायच्या यंत्राला अडचण होते. गळ्यातला ताईत, मनगटातला काळा दोरा काढायला सांगतील. सासूबाईंना आधीच कल्पना द्या, थिएटरच्या दारात वाद नको. दोरा त्यांच्याच मुठीत ठेवायला द्या.

शुद्धीवर येताना तो कदाचित किंचाळेल, हात झटकेल, तुम्हालाही ओळखणार नाही. या वयात हे पुष्कळदा होतं, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत निवळतं. तुम्ही घाबरून रडू नका, नाव घेऊन हळू बोलत राहा.

घरी आल्यावर दुखण्याचं औषध वेळेवर द्या, तो रडेपर्यंत थांबू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढल्यासारखं वाटतं, कानही दुखतो. तो कानाचा आजार नसतो. घशात पांढरट थर दिसेल, तो पू नव्हे. मऊ भात, वरण, दही, आणि हो, आइस्क्रीम. ‘घशाचं ऑपरेशन आणि थंड?’ असं सासूबाई म्हणणारच. हा प्रश्न डॉक्टरांना त्यांनाच विचारू द्या, तुमच्या तोंडून पटायचं नाही.

तोंडातून लाल रक्त आलं, थोडं का असेना, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. हा धोका पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास जास्त असतो, म्हणजे सगळे निर्धास्त झालेले असतात तेव्हा. ऐरोलीहून वाशीला अपरात्री कोणाच्या गाडीने जायचं, ते आजच ठरवून ठेवा.