रविवारी सगळं घर घेऊन नाश्त्याला निघताय?

पुण्यात नवीन आहात, सोबत आजी-आजोबा आणि दोन पोरं, म्हणजे इडली-डोश्यासाठी वाडेश्वर हे हॉटेल बरोबर निवडलंत. एफसी (फर्ग्युसन कॉलेज) रोड, बाजीराव रोड, बाणेर, जी शाखा जवळ पडेल ती धरा. पहिल्या खेपेला एवढंच सांभाळा:

- आठच्या आत पोचा. नवखी मंडळी आरामात आवरून साडेनऊला येतात आणि नंबर लावून फुटपाथवर ताटकळतात. आजींच्या गुडघ्यांचा विचार करा.
- निघताना मुलांच्या हातात एकेक केळं द्या. आम्ही एकदा एका हॉटेलात हे विसरलो. शेजारच्या टेबलावरचा वडा आमच्या धाकट्याने जवळपास पळवलाच होता!
- सगळं एकदम सांगू नका. आधी इडली-वडा, ते पटकन येतं. डोसे त्यानंतर, कारण गार डोसा म्हणजे चामडं. कॉफी अगदी शेवटी. चटणी पोरांना देण्याआधी स्वतः चाखा.

एफसी रोडला जाणार असाल तर गाडी नकोच, रिक्षा करा. कुठे काय खास मिळतं ते दोन-तीन रविवार झाले की सांगतो. आणि हो, वेटरकाकांना सांबार पुन्हा मागायला लाजू नका.