सई, मी का हसलो

प्रिय सई,

तुझा प्रश्न दोन मराठी शब्दांबद्दल होता, म्हणून पत्रही मराठीतच लिहितोय. कुठे अडलीस तर आईला विचार. मला विचारलंस तरी चालेल, पण मी लगेच समजावून सांगायला लागतो आणि तू हेडफोन लावतेस.

सिंगापूरला पहाटे तीनच्या सुमाराला, मेलबर्नच्या विमानाची वाट बघताना तू विचारलंस, "आजीनं मला दोन वर्षांनी बघितलं, तर पहिलं वाक्य तेच का?" मी म्हणालो, अगं, ती प्रेमानंच म्हणते. तू म्हणालीस, "बरं. मग तू का हसलास?" आणि उठून खिडकीपाशी जाऊन बसलीस. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले.

ते वाक्य मला पाठ आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून आपण सांगलीत उतरलो, रिक्षा दारात थांबली, आजी भाकरतुकडा घेऊन उभीच होती. तिनं तुझ्यावरून तो ओवाळला, लांब टाकला, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाली, "किती वाळलीयास गं पोरी! आणि काळी पडलीयास केवढी!" मी हसलो. आत्याही हसली. आई हसली नव्हती, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

आधी "वाळलीस"चं सांगतो, ते त्यातल्या त्यात सोपं आहे. आमच्या घरात बाहेरगावाहून आलेला माणूस वाळलेलाच असतो. पुण्याला हॉस्टेलवर राहायला गेलो तेव्हा पहिल्या चार महिन्यांत माझ्या पँटी मला होईनात, तरी दिवाळीला आजी म्हणाली, "हाडं वर आलीत की रे." आपलं माणूस छान दिसतंय, अंगानं भरलंय, असं तोंडावर बोलायचं नाही, नजर लागते. लहान बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतात तीही त्याचसाठी. त्यामुळे "किती गोड दिसतेस" हे तुला आजीच्या तोंडून ऐकायला मिळणं अवघडच आहे. पण त्याच रात्री तिनं मीठ-मोहरी घेऊन तुझी दृष्ट काढली, ती तव्यावर तडतडली, तुला ठसका लागला आणि तू खोलीबाहेर पळालीस. ते तिचं "गोड दिसतेस" होतं. निदान मी तरी ते तसंच घेत आलोय.

आणि त्यामागे आणखी एक गोष्ट आहे, ती मला तुझ्या मामाआजोबांनी सांगितली. आजीचं माहेर आटपाडीकडचं. तिकडे पाऊस एरवीही बेताचाच. 1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. आजी तेव्हा सोळा वर्षांची होती. सरकारनं रस्त्याची, तलावाची कामं काढली आणि गावातली निम्मी माणसं खडी फोडायला गेली. आजी आणि तिची आई, दोघीही. रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. लहान मुलांना सुकडी वाटायचे. आजी स्वतः त्याबद्दल फार बोलत नाही. कुणी ताटात भाकरी टाकली की मात्र, "मिलो खाल्ली असती म्हणजे कळलं असतं," एवढंच म्हणते.

म्हणजे तिच्या त्या वयात वाळलेलं माणूस म्हणजे पोटाला नसलेलं माणूस, आणि काळवंडलेलं माणूस म्हणजे दिवसभर उन्हात खडीवर बसलेलं. दारात आलेल्या पोरीकडे बघून ती विचारत होती, खायला मिळतंय ना? उन्हात राबायला लागत नाही ना?

हे मला विमानात सुचलं आणि इतकं पटलं की मी तुला झोपेतून उठवणार होतो. नाही उठवलं ते बरं झालं. कारण हे "वाळलीस"ला लागू पडतं. "काळी पडलीयास" मात्र मी तुझ्याआधी दुसऱ्या कुणाला तरी म्हटलेलं ऐकलंय, आणि तिला ना भूक होती, ना खडी फोडायला जायचं होतं.

तुझी आत्या माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती सावळी, मी गोरा. सांगली हळदीची पेठ. जवळच्या हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांमध्ये पूर्वी हळद साठवायचे. हंगामात मार्केट यार्डावरून सायकलनं गेलं की नाकात तोच वास, आणि पोती उचलणाऱ्या हमालांचे कपडे, भुवया, सगळं पिवळं. इतकी हळद गावात असताना पोरीचा रंग उजळू नये, हे आजीच्या मनाला पटायचंच नाही. दर रविवारी डाळीचं पीठ, हळद आणि साय कालवून ती आत्याच्या तोंडाला, मानेला, हातांना लावायची. सोमवारी आत्या शाळेत जायची तेव्हा कानामागे थोडं पिवळं राहिलेलं असायचं. एकदा चिडून ती आजीला म्हणाली, "पंढरपूरच्या विठोबाला लावलंस का कधी डाळीचं पीठ? त्याच्या पाया पडायला बरी जातीस." आजीनं तिला धपाटा घातला, पण नंतर स्वतःच हसत सुटली.

मला कधी कुणी काही लावलं नाही. आम्हा दोघांना शेजारी उभं करून आजी पाहुण्यांना म्हणायची, "गोरा रंग पोराला देऊन काय करायचं होतं देवाला?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला ती माझी स्तुतीच वाटायची.

1997 साली आत्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. ती बी.एस्सी. झाली होती आणि तिला गणित शिकवायचं होतं, पण स्थळांना पाठवायच्या कागदावर वर्णाच्या रकान्यात "निमगोरी" लिहायचं की "गहूवर्ण" यावरच घरात संध्याकाळभर चर्चा झाली. बघायला आलेल्यांना पोह्यांच्या बशा मीच नेऊन द्यायचो. पहिल्या पाच ठिकाणांहून नकार आला. कारण कुणीच सांगितलं नाही. पत्रिका जुळत नाही, म्हणायचे. आजी नंतर भांडी जरा जोरात घासायची.

मग स्टुडिओत जाऊन नवा फोटो काढला. प्रती आणायला आजीनं मला पाठवलं आणि जाताना बजावलं, "त्याला म्हणावं, जरा उजळ निघू दे." मी गेलो आणि फोटोवाल्याला तसंच म्हणालो. सतरा वर्षांचा होतो, सई. तुला अकराव्या वर्षी जे खटकलं, ते मला सतराव्या वर्षी खटकलं नाही. फोटो आला तेव्हा आत्यानं तो लांब धरून विचारलं, "ही कोण?" आणि आम्ही सगळे हसलो. आजी, आजोबा, मी, आणि ती स्वतःसुद्धा.

तू "का हसलास" विचारलंस तेव्हा मला तो फोटो आठवला.

इथल्या उन्हाचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. व्हिक्टोरियात 1981 पासून तो कार्टूनमधला सीगल सदरा घाला, क्रीम लावा, टोपी घाला म्हणून गातोय. तुझ्या शाळेत टोपी नाही तर खेळ नाही. यूव्ही, म्हणजे उन्हाच्या घातक किरणांचा आकडा, 3 झाला की टोपी, आणि जानेवारीत तो 11 च्या वर जातो तेव्हा तर मी स्वतःच तुला "उन्हात जाऊ नकोस" म्हणून ओरडतो. वाक्य अगदी आजीचंच. मी ते कातडीच्या कॅन्सरसाठी म्हणतो, ती वेगळ्या कारणासाठी म्हणते. ऐकणाऱ्याला कारण दिसत नाही, म्हणून माझ्या "क्रीम लावलंस का" मध्ये तुला कधी आजी ऐकू आली असेल तर तसं सांग. आणि इथले लोक तरी कुठे आपापल्या रंगावर खूश आहेत? दिव्यांच्या खाटेवर झोपून तपकिरी होऊन यायची दुकानं होती इथे, 2015 पासून त्यांच्यावर बंदी आली. पण हे सांगून माझी सुटका होत नाही, ते मला कळतं.

मागच्या आठवड्यात मी आत्याला फोन केला. तू विचारलेलं सांगितलं. ती म्हणाली, "मी हसले नसते तर आई पुढं पंधरा मिनिटं तेच बोलत बसली असती. हसलं की विषय संपतो, भावड्या." मग मी तिला स्टुडिओत काय सांगितलं होतं ते कबूल केलं. मला वाटलं होतं तिला माहीत नसेल. ती म्हणाली, "फोटोच्या पाकिटावर तुझ्याच अक्षरात 'उजळ' लिहिलं होतं की. तेव्हाच वाचलं मी." नंतर तिनं तुझ्या पोहण्याचं विचारलं. पन्नास मीटरला किती सेकंद लागतात ते मला सांगता आलं नाही, तर त्यावरून तिनं मला जास्त झापलं.

आजी बदलेल असं मला वाटत नाही. मी तिला काही बोलावं का, तेही मला ठरवता आलेलं नाही. एकोणसत्तराव्या वर्षी तिला फोनवरून काय शिकवणार? आणि नाही बोललो तर तुझ्या बाजूनं कोण बोलणार? रविवारी तिचा फोन आला तेव्हा तू पोहायला गेली होतीस. तिनं विचारलं, "उन्हात?" मी म्हणालो, "वर छप्पर आहे." ते खरंच आहे, पण मी ते घाईघाईनं सांगितलं.

पुढच्या रविवारी फोनवर यायचं की नाही ते तू ठरव, मी आग्रह करणार नाही. आलीस तर तिला खडी फोडायच्या कामाबद्दल विचारून बघ. मला ती सांगत नाही. तुला कदाचित सांगेल. आणि रंगाचं विचारायचं असलं तर तेही विचार. मी शेजारी बसेन, पण मध्ये बोलणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. निघताना आजीनं तुझ्या बॅगेत कोंबलेलं ते पिवळं पाकीट, जे मी विमानतळावर खाण्याचा पदार्थ म्हणून जाहीर केलं, ते तोंडाला लावायचं डाळीचं पीठ आणि हळद होती. आईनं परवा त्याचं पिठलं केलं. तू दोनदा घेतलंस.