घाबरलास ना? मग बरोबर

पिल्लू,
तुझा व्हॉइस मेसेज सकाळी टोरांटोच्या बसमध्ये ऐकला, तीनदा ऐकला. आजीने तुला रामटेकला नेलं, गडावर माकडांनी तुझे चिप्स पळवले (मी सांगितलं होतं!) आणि मग नरसिंहाच्या देवळात अंधारातून तो एवढा मोठा सिंहाच्या तोंडाचा देव एकदम समोर आला आणि तुझी टरकली. आणि तू विचारतोयस की ज्याची भीती वाटते त्याच्या पाया कशाला पडायचं, भीती वाटली की पळतात ना.

माझीपण टरकली होती रे. तुझ्याएवढीच होते, नागपूरहून एसटीने गेलो होतो, आणि मी तुझ्या आजीच्या पदरात तोंड खुपसून उभी. ती म्हणाली, "काऊन भेऊन राह्यली वं? तो तं लेकरासाठी आला होता!" ते देऊळ वाकाटक राजांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं, म्हणजे दीड हजार वर्षं लोक तिथे असेच दचकत असणार.

लेकरू म्हणजे प्रल्हाद. नरसिंह खांबातून निघाला, हिरण्यकशिपूला नखांनी फाडलं, तरी राग काही उतरेना. सगळे देव लांब उभे, लक्ष्मीसुद्धा जवळ जाईना, म्हणजे बघ! शेवटी ब्रह्मदेवाने त्या पोराला पुढे केलं. तो गेला, सरळ लोटांगण घातलं, आणि नरसिंहाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात तोच बरं का, नखांवरचं रक्त वाळलंपण नसेल.

पण प्रल्हाद घाबरलाच नव्हता, तो आपल्यातला नाही. आपल्यातला अर्जुन. गीतेच्या ११व्या अध्यायात तोच कृष्णाला म्हणतो तुझं खरं रूप दाखव, आणि दिसल्यावर पार हादरतो, कारण दिव्यावर पतंग झेपावतात तसे मोठमोठे योद्धे त्या रूपाच्या तोंडांमध्ये शिरताना दिसतात. मग त्याला काय आठवतं माहितीये? आपण जेवताना, खेळताना ह्याला मस्करीत अरे कृष्णा, अरे मित्रा म्हणायचो! तो चक्क सॉरी म्हणतो आणि वर विनवतो की बाबा रे, तुझं पहिलंच रूप दाखव. तिथे दोन शब्द येतात, 'कृताञ्जलिर्वेपमानः', हात जोडलेला आणि थरथरणारा. दोन्ही एकदमच, भीती संपली आणि मग हात जोडले असं नाही. मला हे फार आवडतं, कारण पळणारा पाठ फिरवतो आणि हा थरथरतोय तरी तोंड तिकडेच करून उभा आहे.

तू पळालास का? नाही ना, आजी म्हणाली तू तिचा हात धरून परत एकदा वाकून आत बघितलंस.

तिला विचार, तुलापण अजून भीती वाटते का. मी विचारलं तेव्हा म्हणाली चप्पल घाल, बस चुकेल. आणि पुढच्या वेळी चिप्स गाडीतच ठेव.

तुझी आई