अभ्यासात हुशार असलेल्या माणसाला व्यवहार का कळत नाही? पुस्तकी हुशारी आणि कॉमन सेन्स यांत नेमका फरक काय?

तुम्ही लिहिलंय, की मुलीला बारावीला ९१ टक्के पडले, पण बँकेत पाठवलं तर स्लिप न भरताच परत येते, भाजी आणायला सांगितली तर भाव न विचारता पिशवी भरते, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, "पुस्तकी किडा आहे, अक्कल कधी येणार हिला?" तिच्यात काही कमी आहे का, असंही तुम्ही विचारलंय. मी कृषी पदवीधर. माहेर नाशिकला पंचवटीत, सासर निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग. या प्रश्नाने मला एकेकाळी फार छळलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

लग्नानंतरचा पहिला हिवाळा. ऑक्टोबर छाटणीची बाग, मणी फुगवणीला आलेले. निफाडचा गारठा दरवर्षी पेपरात येतो, त्यामुळे घरात सगळ्यांचे कान हवामानाकडे. त्या रात्री फोनवर नाशिकचं किमान तापमान नऊ अंश दाखवत होतं. नऊला बागेला काही होत नाही, असं मी सांगितलं. सासूबाई चौथी शिकलेल्या. जेवणं झाल्यावर त्या अंगणात आल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "आभाळ कोरं हाये, वारा पडलाय. नाल्याकडचं वावर आज गारठणार. पहाटे उठायला लागंल." घरात माझ्या पदवीला मान होता. कुणी उठलं नाही.

सकाळी वरच्या बागेला काही झालेलं नव्हतं. नाल्याकडच्या दीड एकरात शेंड्यांची पानं भाजल्यासारखी झाली होती, आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत त्या भागातले मणी तडकायला लागले.

नुकसानीपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत सखल भागात साचते, हे सगळं मला माहीत होतं. परीक्षेत मी ते आकृतीसह लिहिलं होतं. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या पेटीत असतो, आणि त्याचा आकडा म्हणजे माझ्या नाल्याकाठच्या पानाचं तापमान नव्हे, हेही शिकले होते. पण त्या रात्री अंगणात उभी असताना यातलं काहीही डोक्यात आलं नाही. ते ज्ञान परीक्षेच्या प्रश्नाला बांधलेलं होतं. प्रश्न विचारला की बाहेर यायचं. आभाळ काही प्रश्न विचारत नाही.

सासूबाईंचं उलट. नाल्याकडचं वावर आधी गारठतं, हे त्यांना तीस हिवाळ्यांनी शिकवलं होतं. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं. "तिकडं थंडी बसती," एवढंच.

मला वाटतं, फरक इथेच आहे. पुस्तकातलं ज्ञान हे दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या ठिकाणी मिळवून, तिथली माती झटकून आपल्याला पाठवलेलं असतं. म्हणून ते कुठेही लागू पडू शकतं, आणि म्हणूनच इथे, या बांधावर ते कसं लावायचं हे त्यात लिहिलेलं नसतं. व्यवहारज्ञानाला माती चिकटलेली असते. आपल्या गावात, आपल्या बाजारात ते पटकन कामाला येतं. बुद्धी दोन्हीकडे तीच असते.

पुढच्या वर्षीची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर सासूबाई बरोबर आणि सून चूक एवढाच अर्थ निघेल. आमच्याकडे थंडीच्या रात्री बांधावर ओल्या पाचटाचा एक मोठा ढीग पेटवायचे. भरपूर धूर व्हायला पाहिजे, धुराचं पांघरूण बागेवर बसतं, अशी समजूत. आता धुराचे कण इतके बारीक असतात, की जमिनीतून निघणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत. काम करते ती जाळाची ऊब. आणि एकाच जागी मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते, बागेच्या उंचीवर थांबत नाही. त्यापेक्षा ठिकठिकाणी लहान शेकोट्या बऱ्या. मी हे सांगितलं तेव्हा सासरे, नाना, नाराज झाले. वडिलांपासून चालत आलेली रीत होती ती. पण सासूबाई म्हणाल्या, "करून बघू एक डाव." छाटणीच्या वाळलेल्या काड्या होत्याच. नाल्याच्या बाजूने ओळीने लहान लहान शेकोट्या लावल्या, विहिरीचं पाणी पहाटे ठिबकमधून सोडलं. ते पाणी हवेपेक्षा उबदार असतं, आणि ओली जमीन दिवसाची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा जास्त धरून ठेवते. कुठे पेटवायचं ते त्यांनी ठरवलं, कसं पेटवायचं ते मी.

तुमच्या मुलीच्या भाजीच्या पिशवीशी याचा थेट संबंध आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेलं दांपत्य, त्यांनी इतर संशोधकांसोबत कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. भाजी विकणारी मुलं तोंडी हिशेब चोख करायची, पण तशीच गणितं शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की अडखळायची. शाळेत शिकणाऱ्या मुलांचं नेमकं उलट. कागदावर बरोबर, बाजारातला हिशेब समोर आला की गोंधळ. म्हणजे एका ठिकाणची हुशारी दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही, कुणाचीच. आपण मात्र भाजीवाल्या मुलाला 'ढ' म्हणतो आणि शाळेतल्या मुलीला 'अक्कल नाही' म्हणतो. दोन्ही शब्द मला अन्यायाचे वाटतात.

माहेरी मी दोन्ही गोष्टी एका माणसात पाहिल्या. वडिलांचं भांडी बाजारात छोटं दुकान होतं. गोदावरीचा पूर कसा मोजतात ते नाशिककरांना सांगायला नको, पण तुम्ही बाहेरच्या असाल तर सांगते. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून बाजारपेठेतली माणसं ठरवतात, की खालच्या फळीवरचा माल वर घ्यायचा की दुकान रिकामं करायचं. १९ सप्टेंबर २००८ चा पूर ज्यांनी पाहिलाय ते अजून मारुतीच्याच हिशेबात बोलतात. हे अस्सल व्यवहारज्ञान. कागद नाही, यंत्र नाही, आणि सगळ्या गावाला समजतं.

पण मारुती फक्त आत्ताचं पाणी सांगतो. वर गंगापूर धरणातून किती सोडलंय, ते शहरात यायला वेळ लागतो. तो आकडा क्युसेकमध्ये येतो, आणि बाजारातल्या बहुतेकांना तो नुसता मोठा आकडा वाटायचा. वडील दहावी झालेले. त्यांनी एका शिक्षकांकडून समजून घेतलं, की एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार लिटरच्या पुढे. मग ते वहीत लिहायला लागले : विसर्ग इतका होता तेव्हा मारुतीला पाणी कुठवर आलं. चार-पाच पावसाळ्यांत त्यांचं स्वतःचं कोष्टक तयार झालं. आकडा ऐकला की ते मारुतीकडे पाणी चढायच्या आधीच माल हलवायचे. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. शहरातच धो धो कोसळला तर नाल्यांचं आणि गटारांचं पाणी बाजारात शिरतं, तेव्हा मारुतीकडे बघून उपयोग नाही. पाणी कुठून येतं हे कळल्यामुळे कोणत्या दिवशी कोणती खूण बघायची हे त्यांना कळत होतं. शेजारचे फक्त मारुती बघत राहायचे.

व्यवहारज्ञानाचं फार कौतुक करायची आपल्याकडे पद्धत आहे, त्याबद्दल मला काळजी वाटते. ते चुकतं, आणि चुकतं तेव्हा जीव जातात. आमच्या भागात लहान मुलाला जुलाब लागले की पाणी तोडायचे. दिसायला किती सरळ तर्क : जे पोटात जातंय तेच बाहेर पडतंय, तर द्यायचंच कशाला? प्रत्यक्षात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र असली की आतडं जुलाब चालू असतानाही पाणी शोषून घेतं, हे कुणाच्याही कॉमन सेन्समधून आलं नसतं. ते प्रयोगशाळेतून आलं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी तोंडाने द्यायला लावलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आमच्या वस्तीवरच्या बायकांना हे पाठ करून घ्यायला मला दोन उन्हाळे लागले. पहिल्यांदा त्या माझ्याकडे तशाच नजरेने बघायच्या, जशी तुमच्या मुलीकडे घरातली माणसं बघतात.

बागेतलीच आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मला मनापासून आवडते. आम्ही डाऊनीवर, म्हणजे द्राक्षाच्या एका बुरशीरोगावर, बोर्डो मारतो, मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुन्याचं मिश्रण. १८८२ साली फ्रान्समध्ये बोर्डो भागात डाऊनीने बागा हातच्या चालल्या होत्या. तिथले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, ते रोगासाठी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं तोडू नयेत, घड विषारी दिसावेत म्हणून. हा झाला रोकडा व्यवहार. मियार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तिथून जात होते. त्यांना दिसलं, की बाकीच्या बागेची पानं गळालीत आणि रस्त्याकडच्या वेली मात्र हिरव्या आहेत. शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर ते रोज होतं, पण त्याचं काम चोर थांबल्यावर संपलं होतं. प्राध्यापकांना रोग माहीत होता, म्हणून त्यांना ती हिरवी पानं दिसली. तीन वर्षं प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. शेतकऱ्याने शिंपडलं नसतं तर प्राध्यापकांना बघायला काही नव्हतं.

आता तेच बोर्डो आमच्याकडचे गडी प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये तयार करतात, लोखंडी पिंपात कधीच नाही, आणि शेवटी विळ्याचं पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. हे रसायनशास्त्र आहे, लोखंडावर तांबं चढतं. पण गड्याला विचारलं तर तो म्हणेल, "एवढं तर कुणालाबी कळतं." आज जे कुणालाही कळतं, त्यातलं बरंचसं कधीतरी कुणीतरी पुस्तकातून आणलेलं असतं.

घरातली माणसं मुलीला 'पढतमूर्ख' म्हणत असतील तर त्यांना एक सांगा. समर्थ रामदासांनी इथे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप केलं. त्यांच्या दासबोधात मूर्खाची लक्षणं वेगळी आहेत आणि पढतमूर्खाची वेगळी. त्यांचा पढतमूर्ख हा भाव न करता येणारा माणूस नाही. तो जाणता असतो, दुसऱ्याला ज्ञान सांगतो, स्वतः तसं वागत नाही, आणि वर अभिमान धरतो. अठरा वर्षांच्या मुलीला बँकेची स्लिप भरता येत नाही, याला तो शब्द लागत नाही.

तिला आजवर अभ्यासाला बसवलं गेलं आणि बाकीची कामं दुसऱ्यांनी केली, असंच बहुधा झालं असणार. माझ्याही घरी तसंच होतं. आता एकदम "जा, शीक" म्हणून ढकलू नका. दोन महिने घरचा भाजीचा सगळा हिशेब तिच्याकडे द्या, पैसेही तिच्याच हातात, आणि चुकली तर त्या आठवड्यात कुणी बोलायचं नाही. पहिल्यांदा बरोबर जा, पण भाव तिलाच विचारू द्या. बँकेत एकदा तुमच्यासमोर तिनेच स्लिप भरू दे, काउंटरवर तिनेच बोलू दे. आणि एक गोष्ट मुद्दाम करा : ती जे शिकते त्यातलं काही घरात कामाला लागतंय का, ते तिला विचारा. वीजबिलाचे युनिट, कर्जाचं व्याज, आजोबांच्या गोळ्यांच्या वेळा. मला सासूबाईंनी "तुझ्या पुस्तकात काय लिव्हलंय गं थंडीचं?" असं विचारलं नसतं, तर शेकोट्यांचं माझ्या तोंडून निघालंच नसतं. त्यांनी आदल्या वर्षीच्या नुकसानीनंतर हे विचारलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता आमच्याकडे दोन तापमापक आहेत, रात्रीचं सर्वांत कमी तापमान दाखवणारे. एक वरच्या बागेत, एक नाल्याकडे, दोन्ही घडांच्या उंचीवर टांगलेले. सासूबाईंना आकडे वाचता येतात. डिसेंबर-जानेवारीत त्या पहाटे चारला बॅटरी घेऊन जातात, परत येऊन माझं दार वाजवतात आणि सांगतात, "खाली पाच, वर साडेसात. ऊठ."