सांगलीत नुसत्या इंग्रजीवर भागेल का?

तुम्ही विचारलंय की सांगलीला बदली झालीय, पत्नी केरळच्या आहेत, मराठी अजिबात येत नाही, हिंदी जेमतेम. मग तुम्ही कामावर असताना त्यांचं इंग्रजीवर निभावेल का? मी मिरजेजवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

दवाखान्यात, बँकेत, मोठ्या दुकानात निभावेल. मिरजेत 1894 साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं, त्यानंतर गावात दवाखाने वाढतच गेले. डॉक्टरांशी बोलायला तर काहीच अडचण नाही. मंडईत, रिक्षात, वडापमध्ये (म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपमध्ये) मात्र नुसतं इंग्रजी चालणार नाही.

पण समोरचा गप्प बसला म्हणून त्याला काही कळलं नाही, असं कृपा करून धरू नका. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे आज तिशीच्या आतला शाळेत गेलेला जवळजवळ प्रत्येक जण दहा वर्षं इंग्रजी शिकलाय. सेमी-इंग्रजीची मुलं, म्हणजे मराठी शाळेतलीच, गणित-विज्ञान इंग्रजीतूनच लिहितात. माझ्याच वर्गातली मुलगी प्रकाशसंश्लेषणावर पानभर इंग्रजी लिहिते, आणि काल घरी काय केलंस विचारलं की मान खाली घालते. दहावीला 80 गुण लेखी आणि 20 तोंडी. त्या तोंडीलाही पाठ केलेलंच म्हणायचं. शाळेबाहेर इंग्रजीत बोलायला माणूस नाही, आणि चारचौघांत चुकलं तर हसतील ही भीती. मुलं हुशार आहेत हो, त्यांना बोलायला मिळत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तासगावकडचा द्राक्ष बागायतदार बघा. औषधाच्या बाटलीवरचं वाचतो, जीए (मणी फुगवायचं संजीवक), ब्रिक्स (गोडीचं माप), रेसिड्यू (फळात उरलेला औषधाचा अंश) हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत, युरोपला माल पाठवायचा तर प्रयोगशाळेचा इंग्रजी रिपोर्टही बघतो. विचारलंत तर म्हणेल, "आपल्याला इंग्रजी येत न्हाई."

आणि हे पत्नीला आवर्जून सांगा: विटा, खानापूर, आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, धंद्यासाठी केरळ-तमिळनाडूत राहिलेली आहेत. सणावाराला, यात्रेला गावी येतात. त्यांच्यातलं कुणी भेटलं तर मल्याळममध्येच गप्पा होतील! मिरज आणि जत भागात कन्नडही खूप चालतं. परक्या भाषेशी जमवून घ्यायची सवय या जिल्ह्याला आहे, ती इंग्रजीतूनच दिसेल असं नाही.

एसटीच्या पाट्या देवनागरीत असतात, गाडीचं गावही त्यावरच. केरळात शाळेत हिंदी शिकवतात, तेव्हा पत्नीला अक्षरओळख असेलच. थोडा सराव करून घ्या. भाव विचारताना आकडे इंग्रजीत चालतात. बोलताना वाक्यं लहान ठेवायची, उत्तर यायला थोडा वेळ द्यायचा, लगेच हिंदीवर उडी मारायची नाही. घर विश्रामबागेकडे बघा, विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजमुळे तिथे शिकणारी पोरं भरपूर आहेत. आणि जमलं तर शेजारच्या दोन-तीन मुलींना संध्याकाळी अर्धा तास गप्पा मारायला बोलवा. त्या इंग्रजी बोलतील, पत्नी मराठी शिकतील.