पोशाख आणि घड्याळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी खानापूरहून रोज दुचाकीने बेळगावला नोकरीसाठी येतो. कार्यालयात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि काळे बूट लागतात. रविवारी जीन्स आणि टी-शर्ट. वडिलांचे चावीचे एचएमटी जनता घड्याळ कपाटात पडून आहे. मित्र म्हणतो, मोठ्या काळ्या तबकडीचे नवे घड्याळ घे, ते सगळीकडे चालेल. मी काय करावे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : मित्राचा सल्ला नेमका उलटा करून पाळावा. साधे घड्याळ जीन्सवर सहज खपून जाते; परंतु आत आणखी तीन छोट्या तबकड्या असलेले जाडजूड घड्याळ शर्टाच्या बाहीखाली सरकत नाही, बाही त्यावर अडकून फुगते आणि समोरच्या माणसाचे लक्ष बोलण्यावरून मनगटावर जाते. औपचारिक पोशाखाला घड्याळ पातळ, फिक्या रंगाच्या मोकळ्या तबकडीचे आणि बारीक काट्यांचे असावे. मध्यम मनगटाला ३६ ते ३९ मिलिमीटर व्यास पुरतो. पट्टा अडकवण्याची टोके मनगटाच्या कडेबाहेर गेली, तर ते घड्याळ आपले नव्हे, असे खुशाल समजावे.

यांतली बहुतेक लक्षणे आपल्या कपाटातील घड्याळात आहेत. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बेंगळूरला घड्याळे बनवण्यास सुरुवात केली. ‘जनता’ हे त्यांतले एक परिचित नाव. जाणत्या कारागिराकडून ते साफ करून घ्यावे, रोज सकाळी ठरावीक वेळी चावी द्यावी आणि चावी घट्ट लागली की थांबावे. दिवसाकाठी काही सेकंद ते पुढे-मागे होणारच. तो दोष मानू नये. पट्टा काळ्या चामड्याचा घ्यावा, म्हणजे बूट आणि कंबरपट्ट्याशी जुळेल.

अडचण पावसाची आहे. खानापूरच्या पावसात दुचाकीवर हे घड्याळ एक दिवसही घालू नये. त्यासाठी, आणि रविवारसाठीही, रबरी पट्ट्याचे अथवा स्टीलच्या चेनचे, सेलवर चालणारे दुसरे स्वस्त घड्याळ असू द्यावे. त्यावर ३० मीटर लिहिलेले असले, तरी तेवढ्या खोल पाण्यात ते चालते असा अर्थ नसून, हात धुताना उडणारे शिंतोडे सोसते एवढाच अर्थ घ्यावा. ५० मीटरचे पाहावे; पोहायचे असेल तर १०० मीटरचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वडिलांचे घड्याळ कार्यालयाच्या खणात ठेवून तिथेच बांधले, तरी चालेल.

प्रश्न : लग्नात साडीवर, हिरव्या चुड्यासोबत घड्याळ घालावे का?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : त्याच हातात घालू नये. घड्याळाच्या स्टीलच्या कडेवर आपटून काचेच्या बांगड्या पिचतात. दोन्ही हातांत चुडा असेल, तर त्या दिवशी घड्याळ घरीच ठेवावे. मुहूर्ताची वेळ भटजी सांगतातच.