डिस्क घासूनही थरथर परत का येते?

मित्रा, गाडीच्या ब्रेकची डिस्क घासून आणूनही थरथर परत आली, म्हणून नवी डिस्क लगेच घेऊ नकोस. मोहोळच्या पुढे हायवेवर वेगात ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरतं ना? मग चाकांच्या बॅलन्सिंगवर पैसे घालवू नकोस, पुढची चाकं खोल. डिस्क काढून हब, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग, नीट बघ. तिथे गंजाची पापडी असली की डिस्क किंचित तिरकी बसते, दर फेऱ्याला ब्रेकच्या पॅडला एकाच जागी घासते आणि काही हजार किलोमीटरांत जाडी कमी-जास्त होते. म्हणूनच घासून आणलेली डिस्कही पुन्हा बिघडते! हब वायर ब्रशने स्वच्छ कर, डिस्क बसवून डायल गेज (डोल मोजायचं काट्याचं यंत्र) लाव. डिस्कचा डोल साधारण ०.०५ मिमीच्या आत हवा. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकत नाहीत ना, तेही बघ. चाकाचे नट मात्र हवेच्या गनने आवळू देऊ नकोस. टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळायच्या पान्याने), समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळून घे.